नवे पद गळ्यात उतरते तेव्हा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत चितेगाव येथे दिलेल्या भाषणाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी व्याख्यानासाठी संगीताचा विषय निवडला गेला, याचे काहींना नवल वाटले असेल. संस्थेची पन्नास वर्षांची वाटचाल, मंदिराचा जीर्णोद्धार, धर्मशाळा, पाठशाळा हे विषय सोडून गाण्याची चर्चा कशासाठी? परंतु गाण्यावाचून आपले पूजन होत नाही. सकाळच्या अभिषेकापासून सायंकाळच्या आरतीपर्यंत मंदिरात कोणी ना कोणी गात असते. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास चिंतामणी पार्श्वनाथांच्या दर्शनाला कचनेरला पायी निघालेले यात्रेकरूही गात गातच वाट सरवतात. यातील बहुतेक गाणे ऐकून ऐकून आलेले असते. ते कोणी मुद्दाम शिकलेले नसते. मग जो रीतसर शिकलेला गायक आहे, तो एखादे अगदी नवे पद कसे आत्मसात करतो, हा आजचा विषय आहे. वरवर पाहता तो केवळ गवयांच्या कामाचा वाटेल. तसा तो नाही, हे पुढे ध्यानात येईल.

प्रथम एका समजुतीचा निरास करणे आवश्यक आहे. शिकलेल्या गायकाला नवे गाणे चटकन येते, असे सर्वजण धरून चालतात. त्याला चाल चटकन येते, हे खरे. दोनदा ऐकली की स्वर कोणते, ताल कोणता, सम कोठे, हे त्याला उमगते. पण पद येणे ही निराळी गोष्ट आहे. वर्षानुवर्षांच्या रियाजाने गळ्याला काही वाटा पडलेल्या असतात. यमन म्हटला की गळा आपोआप ठरावीक जागी वळतो. नवे पद त्या जागी वळत नसेल, तर गायकाला आधी स्वतःच्या गळ्याशी भांडावे लागते. अशिक्षित गायकाला हे भांडण करावे लागत नाही, म्हणून साधे भजन कित्येकदा तोच आधी उचलतो.

आपल्या परंपरेत या विषयाचा विचार फार पूर्वी झालेला आहे. श्वेतांबर आगमांपैकी स्थानांगसूत्र आणि अनुयोगद्वारसूत्र यांत सात स्वरांचे विवेचन येते, आणि त्याच ओघात गीताचे सहा दोष व आठ गुण सांगितले आहेत. भीत भीत गाणे, घाईने गाणे, धापा टाकत गाणे, ताल सोडून गाणे, कावळ्यासारख्या कर्कश स्वराने गाणे आणि नाकातून गाणे, हे ते सहा दोष. गुणांमध्ये पूर्ण, रक्त, अलंकृत, व्यक्त, अविघुष्ट, मधुर, सम आणि सुललित यांची गणना आहे. व्यक्त म्हणजे अक्षरे व स्वर स्पष्ट असलेले. अविघुष्ट म्हणजे आरडाओरड नसलेले. ध्वनिक्षेपकाच्या या युगात हा पाचवा गुण मंदिराच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे! सहा दोषांपैकी पहिले तीन तर नवे गाणे पुरते आले नसताना हमखास घडणारे आहेत. ज्याला पुढची ओळ आठवेल की नाही याची धास्ती असते तो भितो, भितो म्हणून घाई करतो, आणि घाई करतो म्हणून त्याचा श्वास पुरत नाही.

दिगंबर परंपरेतही तेराव्या शतकाच्या सुमारास आचार्य पार्श्वदेवांनी 'संगीतसमयसार' हा संस्कृत ग्रंथ रचला. पुढे १३५० मध्ये वाचनाचार्य सुधाकलश यांनी 'संगीतोपनिषत्सारोद्धार' लिहिला. वीतरागाच्या उपासकांनी रागाचा एवढा सूक्ष्म विचार करावा, यात काहींना विसंगती दिसते. ती वादाची बाजू आज बाजूला ठेवू.

आता महाराष्ट्रातील एका प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळू. मराठी संगीत रंगभूमीचा आरंभ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने झाला, असे मानले जाते. त्या काळी नाटककारच पदे रचीत आणि ओळखीच्या चालींवर बसवीत. छापील पुस्तकात पदाच्या माथ्यावर 'चाल' असा शब्द देऊन मूळ गाण्याचा निर्देश केलेला असे. आपल्या ज्येष्ठ मंडळींना ही पद्धत परकी वाटणार नाही. गुजरातीतील जुन्या जैन रासांत आणि स्तवनांत प्रत्येक ढाळेच्या आरंभी 'देशी' म्हणून एखाद्या परिचित गीताचा उल्लेख येतो, तो याच कारणासाठी. द्यानतराय, भूधरदास, दौलतराम यांच्या हिंदी पदसंग्रहांत पदावर रागाचे नाव दिलेले आढळते. नवे पद शिकणाऱ्याला जुन्या गाण्याचा हात धरून चालता यावे, ही त्यामागची योजना. अडचण इतकीच की ज्या गाण्याचा हात धरायचा तेच विस्मरणात गेले, म्हणजे माथ्यावरचा तो शब्द मुका होतो. अशा कितीतरी देशी आज केवळ नावाने उरल्या आहेत.

१९११ साली खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आले, तेव्हा चालींची जबाबदारी गोविंदराव टेंबे यांच्यावर सोपविण्यात आली होती. ते स्वतः नामांकित हार्मोनियमवादक. ठुमरी-दादऱ्याच्या ढंगाच्या चाली त्यांनी मराठी रंगभूमीवर आणल्या. पुढे १० डिसेंबर १९१६ रोजी गंधर्व नाटक मंडळीने 'स्वयंवर' रंगमंचावर आणले. त्याचे संगीत भास्करबुवा बखले यांचे. बुवांनी बडोद्याच्या फैज महंमद खाँसाहेबांकडे, आग्रा घराण्याच्या नत्थन खाँसाहेबांकडे आणि शेवटी अल्लादिया खाँसाहेबांकडे तालीम घेतलेली. तीन थोर उस्तादांचे संचित त्यांच्याजवळ होते, आणि त्यातील ख्यालाच्या बंदिशी त्यांनी नाट्यपदांच्या चालींसाठी मुक्तहस्ते वापरल्या.

येथे चाल आधी आणि शब्द मागाहून, असा क्रम होता. व्रजभाषेतील मूळ बंदिश पुढे ठेवायची आणि तिच्या अक्षरांच्या मापाने मराठी पद रचायचे. वाचताना हे सोपे वाटते. गाणाऱ्याला मात्र यात मोठा पेच पडतो. व्रजभाषेचे शब्द मोकळ्या स्वरांवर संपतात. ए, ओ, ई यांवर गळा हवा तितका वेळ थांबू शकतो. मराठीत, त्यातही खाडिलकरांच्या संस्कृतप्रचुर मराठीत, जोडाक्षरे पावलोपावली येतात. मूळ बंदिशीत जेथे लांब मींड होती, तेथे नेमके जोडाक्षर येऊन बसते. मग त्या अक्षराचा कोणता भाग लांबवायचा, श्वास कोठे घ्यायचा, शब्द तोडायचा की मींड, हे निर्णय गायकाला करावे लागतात. बालगंधर्वांनी हे निर्णय असे केले की पद मूळचे मराठीतच जन्मले असावे, असा श्रोत्यांना भास होई. त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकताना तानेपेक्षा याकडे लक्ष दिले, तर अधिक आनंद मिळतो.

'मानापमाना'च्या पहिल्या प्रयोगाची हकीकत अनेकांच्या वाचनात असेल. १२ मार्च १९११ रोजी, प्रयोगाच्याच दिवशी, बालगंधर्वांच्या लहान मुलीचे निधन झाले. प्रयोग रद्द करावा असे सहकारी सुचवीत असताना ते भामिनीच्या भूमिकेत उभे राहिले. या प्रसंगाकडे बहुधा त्यागाचे किंवा कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. संगीताच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ती पदे त्या दिवशी नवी होती. श्रोत्यांसमोर ती आधी कधी आलेली नव्हती. चित्त ठिकाणावर नसतानाही ती गळ्यातून उमटली, याचा अर्थ त्यांचे पाठांतर आठवणीच्या आधारावर उभे नव्हते. त्या खालच्या कोठल्यातरी थरापर्यंत ते जाऊन पोहोचले होते.

भास्करबुवांचे पट्टशिष्य मास्टर कृष्णराव यांनी पुढे गंधर्व मंडळीच्या संगीताची धुरा वाहिली. त्यांचा जन्म आळंदीचा, परंतु आडनाव फुलंब्रीकर. फुलंब्री आपल्याच जिल्ह्यातील, हे येथील श्रोत्यांना सांगणे न लगे.

'एकच प्याला' या नाटकाच्या वेळी वेगळाच योग आला. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी निवर्तले. नाटकाची पदे मग विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली आणि चाली सुंदराबाई जाधव यांच्याकडून घेण्यात आल्या. कीर्तीच्या शिखरावर असलेल्या नटाने त्या काळच्या समाजाने मान न दिलेल्या गायिकेपुढे शिष्यभावाने बसावे, ही गोष्ट लहान नव्हती. विद्या जेथे असेल तेथे जाऊन ती घ्यावी, हे आपण सहज बोलून जातो.

कारण विद्या मिळणे त्या काळी फार कठीण होते. खाँसाहेब मंडळी आपल्या चिजा जिवापाड जपत. शिष्याने वर्षे सेवेत घालवावीत आणि हाती दोन-चार अस्थाया पडाव्यात, अशी स्थिती. २४ डिसेंबर १९६७ रोजी रंगभूमीवर आलेले पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक याच दुखण्यावर आधारलेले आहे. चीज जगवायची की घराण्याबाहेर जाऊ न देता लपवायची, हा त्यातील कळीचा प्रश्न आहे. वसंतराव देशपांडे यांनी रंगविलेले खाँसाहेब आणि पं. जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत यांमुळे ते नाटक अजरामर झाले.

या लपवाछपवीवर दोन महापुरुषांनी घाव घातला. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून संगीत शाळेत आणले, आणि पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी उस्तादांकडून मिळविलेल्या शेकडो बंदिशी स्वरलिपीसह 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापून काढल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली बिंदू, तार स्वरावर बिंदू. इतक्या साध्या खुणांनी घराण्यांची कुलुपे उघडली. शिकलेला गायक आज पुस्तक उघडून न ऐकलेली बंदिश तासाभरात उभी करू शकतो. पण ती उभी राहते म्हणजे काय होते? स्वर मिळतात, ताल मिळतो. दोन स्वरांमधली वाट मिळत नाही. कण किती हलका, आंदोलन किती संथ, शब्द कोठे दाबायचा, हे कागदावर उतरत नाही. भातखंड्यांनाही हे पुरते ठाऊक होते. कागद ही आठवण आहे, तालीम नव्हे, असे जाणकार मानत आले आहेत. आणि तरीही कागद नसता तर कितीतरी चिजा त्या त्या उस्तादांबरोबरच गेल्या असत्या.

मुखोद्गत तालमीची शिस्त कशी असे, हे गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांच्या घरी दिसे. त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. कन्या किशोरी आमोणकर सांगत की माई एखादी ओळ दोनतीन वेळाच गाऊन दाखवीत. तेवढ्यात ती सर्व बारकाव्यांसह टिपायची, नाहीतर गेली. आजच्या पालकांना ही पद्धत निष्ठुर वाटेल. हातात भ्रमणध्वनी असलेल्या मुलाला दहादा, शंभरदा ऐकण्याची सोय आहे, मग एकाग्रतेची सक्ती कशाला? सक्ती ऐकण्याची होती, हे त्याचे उत्तर. पुन्हा ऐकायला मिळणार आहे हे ठाऊक असले की कान अर्धाच उघडतो. दोनदाच मिळणार आहे हे कळले की श्वासदेखील हळू होतो.

ध्वनिमुद्रिकेवरून शिकण्याचेही मोठे दाखले आहेत, हे नमूद केले पाहिजे. बालवयातील कुमार गंधर्व नामवंतांच्या तबकड्या ऐकून जशाच्या तशा गात आणि सभा थक्क होत. पण त्यानंतर त्यांना मुंबईला प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकायला ठेवण्यात आले. नक्कल एवढी हुबेहूब साधली असूनही शिक्षण शिल्लक राहिले होते, हे वडीलधाऱ्यांनी ओळखले. त्या निर्णयाचे मोल किती, हे पुढच्या कुमारांनी दाखवून दिले.

युरोपात यांच्या उलट रीत आहे. तेथे शूबर्टसारख्या रचनाकाराने कवितेला दिलेले संगीत स्वरन् स्वर छापलेले असते. एकट्या शूबर्टची अशी सहाशेहून अधिक गीते आहेत. तेथील चांगले शिक्षक विद्यार्थ्याला आधी कविता मोठ्याने वाचायला लावतात, तिचा अर्थ बोलायला लावतात, मग चाल. त्यांची सगळी पद्धत आपल्याला लागू नाही. पण कविता आधी वाचण्याचा हा भाग उचलण्यासारखा आहे.

महाराष्ट्राने तो उचलला, असे 'गीतरामायणा'कडे पाहून म्हणता येईल. १ एप्रिल १९५५ या रामनवमीपासून १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीपर्यंत पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक नवे गीत प्रसारित झाले. मधे अधिक मास आल्याने बावन्नांची छप्पन्न झाली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, सुरेश हळदणकर अशी ख्यालाची किंवा नाट्यसंगीताची पक्की तालीम झालेली मंडळी गायला होती. आता त्या आठवड्याची कल्पना करावी. कवितेची शाई ओली. चाल कालपरवा बांधलेली. आणि ठरल्या दिवशी सारा महाराष्ट्र रेडिओजवळ बसणार. घोळवायला महिने नाहीत. अशा वेळी तालीम झालेल्या गळ्याचा उपयोग होतो तो स्वर लगेच पकडण्यासाठी, आणि खरी कसोटी लागते ती बाकीचे न गाण्यात. माणिक वर्मा किराणा घराण्याच्या सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्या शिष्या. ख्यालाची बढत करणारा गळा त्यांना भावगीतात मापाने वापरावा लागे. फडके यांचा शब्दोच्चाराविषयीचा आग्रह सर्वश्रुत आहे. अक्षर अस्पष्ट झाले तर सुंदर हरकतीचेही त्यांना कौतुक नसे. आगमांतील 'व्यक्त' हा गुण तो हाच.

पं. भीमसेन जोशी यांनी गायिलेल्या अभंगांना राम फाटक, श्रीनिवास खळे यांच्यासारख्यांनी चाली दिल्या. तेथेही ख्यालगायकाला संगीतकाराच्या मनातली चाल आधी जशीच्या तशी स्वीकारावी लागली, आणि मग ती त्यांनी मैफलीत आपलीशी केली. आधी आपलेसे करायला जाणारे गायक पुष्कळ असतात. त्यांचे प्रत्येक गाणे सारखेच ऐकू येते.

आता आपल्या दारात येऊ. गावोगावच्या मंदिरांत नवी स्तवने होत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्यांतील बरीचशी चित्रपटगीतांच्या चालींवर बेतलेली असतात. 'देशी' लिहिणाऱ्या पूर्वसूरींनीही लोकप्रिय चालीच घेतल्या, असा युक्तिवाद त्याच्या समर्थनार्थ केला जातो आणि तो अगदीच चुकीचा नाही. फरक असा की त्यांनी घेतलेली चाल पदाच्या छंदाला बसत होती की नाही, हे ते पाहत.

एक उदाहरण सर्वांच्या ओठांवरचे घेऊ. आचार्य मानतुंगांचे भक्तामर स्तोत्र वसंततिलका वृत्तात आहे. दिगंबर परंपरेत त्याची अठ्ठेचाळीस काव्ये आहेत, श्वेतांबर परंपरेत चव्वेचाळीस. प्रत्येक चरणात चौदा अक्षरे. त, भ, ज, ज हे गण आणि शेवटी दोन गुरू. लघूची एक व गुरूच्या दोन अशा मात्रा मोजल्या, तर चरणाच्या एकवीस होतात. आज हे स्तोत्र सर्रास केहरव्यात म्हटले जाते. केहरवा आठ मात्रांचा. तीन आवर्तनांच्या चोवीस. म्हणजे तीन मात्रा कोठेतरी ताणून भराव्या लागतात, आणि घाईत त्या बहुधा लघू अक्षरावर पडतात. लघूचा गुरू होतो. बालके तसेच पाठ करतात. पुढे संस्कृत वाचताना तीच चूक जिभेवर राहते.

तेच एकवीस रूपकाला तंतोतंत बसतात. रूपक सात मात्रांचा, तीन आवर्तने. एवढेच नाही, चरणाची पहिली चार अक्षरे मोजली तर सात मात्रा भरतात, मधल्या सहा अक्षरांच्या सात, शेवटच्या चार अक्षरांच्या सात. एकही अक्षर आवर्तनाच्या सीमेवर तुटत नाही. मधला आणि शेवटचा खंड तर रूपकाच्या तीन-दोन-दोन या वाटणीतही चपखल बसतो. पहिल्या खंडातील दुसरे गुरू अक्षर तेवढे एका टाळीवरून ओलांडून जाते. ज्या गायकाचे शिक्षण रीतसर झाले आहे, त्याने नवे पद हाती आल्यावर करावयाचे पहिले काम ते हेच: पेटी उघडण्याआधी बोटांवर अक्षरे मोजणे.

पाठशाळेच्या शिक्षिकांनी हा प्रयोग येत्या रविवारी करून पाहावा. पेटी नको, तबला नको, ध्वनिक्षेपक तर नकोच. मुलांनी मांडीवर सात मोजावेत आणि पहिले काव्य नुसते बोलावे. दुसऱ्या रविवारी वस्तीतील सर्वात वयोवृद्ध श्राविकेला पाठशाळेत सन्मानाने बोलवावे आणि त्यांच्या तरुणपणी ज्या चालीवर स्तोत्र म्हटले जाई, ती म्हणावयास विनवावे. आवाज थरथरेल, मधेच श्वास घ्यावा लागेल. मुलांनी हातातील यंत्र बंद ठेवून दोनदा ऐकावे, मग म्हणून दाखवावे. ते झाल्यावर, आणि झाल्यावरच, यंत्र सुरू करून ती चाल ध्वनिमुद्रित करून घ्यावी आणि संस्थेच्या दप्तरात त्या आजींच्या नावानिशी, तिथीनिशी जपून ठेवावी.

जय जिनेंद्र.